स्पीकरखालची पाटी

पेंटरच्या घरात गुपित असं काही उरलंच नव्हतं. स्वयंपाक काय केलाय, कुणाचं पोट बिघडलंय, विजेचं बिल किती आलंय, सगळं शेजारच्या दोन्ही घरांना घरबसल्या कळायचं. कारण या घरात जे काही बोललं जाई ते ओरडूनच. पेंटरच्या वडिलांना, म्हणजे आबांना, ऐकू येत नव्हतं.

"आबा, जेवायला चला!" सून ओरडे.

"हं?"

"जेवायला!"

"हं?"

तिसऱ्या हाकेला आबा हसून मान डोलवत आणि जागचे हलत नसत. मग सून ताट त्यांच्यासमोर नेऊन दाखवी. ताट दिसलं की आबा म्हणत, "अगं, मग हाक मारायची ना!"

हे आबा एकेकाळी छापखान्यात कामाला होते आणि प्रार्थनामंदिरात रविवारच्या उपासनेला जमणाऱ्या मंडळीच्या गायनाची पहिली ओळ त्यांची असे. त्यांनी सूर लावला की बाकीच्यांनी मागून यायचं, अशी रीतच पडली होती. आता उलटं झालं होतं. आबा अर्धी ओळ मागे राहत. सगळे थांबले तरी यांचं आपलं चालूच. पुढच्या बाकावरची पोरं तोंडावर हात धरून खुसखुसत आणि पेंटर मान खाली घालून गीतांच्या पुस्तकात बघत राही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "दोन्ही कानांना मशीन लागेल. आधीच उशीर झालाय. कान वापरात नसले की माणूस शब्द ओळखायचं विसरत जातो. अजून लांबवलंत तर मशीन लावूनही नुसता गलका ऐकू येईल, बोलणं कळणार नाही."

मशीन महाग होतं. पेंटरची बायको दवाखान्याच्या धुलाई विभागात होती. ती जादा पाळ्या करून पैसे बाजूला टाकू लागली. पेंटरनं दोन मोठ्या पाट्यांची कमाई त्यात घातली. आबांनी आपलं जुनं मनगटी घड्याळ विकून त्यात भर टाकली. घरात त्या पैशांना 'कानाचे पैसे' असंच म्हणत आणि काहीही झालं तरी त्यांना कुणी हात लावत नसे.

आता पेंटरबद्दल. गावात निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. अक्षर असं की गिऱ्हाईक दुकानात काय मिळतं ते विसरेल, पण पाटी विसरणार नाही. प्रार्थनामंदिरातली सगळी अक्षरंही त्याचीच, आणि ती फुकट. तिथे एक पद्धत होती. उपासना संपता संपता धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, मंडळीची एखादी गरज सांगत आणि ज्याला ती भागवायची असेल तो उभा राहून म्हणे, "मी देतो." टाळ्या होत. वस्तू आली की पेंटर तिच्यावर नाव रंगवी: अमुक अमुक यांच्याकडून सप्रेम भेट. बाकांवर नावं, पंख्यांवर नावं, प्रवचन जिथून होई त्या वचनपीठावर नाव. दाराशी ओल्या छत्र्या ठेवायच्या पिंपावरसुद्धा एका घराण्याचं नाव होतं. पेंटरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. अगदी वारंवार म्हणायचा.

त्यात आणखी साडू! पेंटरच्या मोठ्या मेव्हणीचा नवरा. चपला-बुटांचं मोठं दुकान, हातात अंगठ्या, आणि बोलणं असं की समोरचा माणूस आपोआप गिऱ्हाईक व्हावा. त्यानं मंदिराला भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ दिलं होतं. पेंटर स्टुलावर चढून त्याखाली नाव काढत होता, तेव्हा साडू खाली उभा राहून सूचना देत होता.

"साडूभाऊ, जरा मोठं काढा की. मागच्या बाकावरून दिसायला नको?"

"वेळ दिसेल ना मागच्या बाकावरून," पेंटर म्हणाला.

"वेळ काय, सगळ्यांच्या हातावर असते!" साडू खदखदून हसला.

पेंटरही हसला. पण हसू काही आत उतरलं नाही. घरी येऊन त्यानं ब्रश इतके घासून धुतले की बायकोनं विचारलं, "ब्रशचं काही चुकलं का?"

पुढच्या एका रविवारी जुना स्पीकर प्रवचनाच्या ऐन मध्यात बोंबलला आणि बंद पडला. पाळकसाहेब हसले आणि म्हणाले, "आता नवे स्पीकर घ्यायला हवेत. मोठा खर्च आहे, एकट्यादुकट्याचं काम नाही. सगळ्यांनी विचार करावा."

लोक विचार करू लागले. तेवढ्यात पलीकडच्या बाकावर साडू अर्धवट उठला. खरं तर त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पण ते त्याला ठाऊक, पेंटरला थोडंच ठाऊक! पेंटरनं त्याला उठताना पाहिलं मात्र, आणि काय होतंय ते स्वतःला कळायच्या आत तो ताडकन उभा राहिला.

"मी देतो! सगळे स्पीकर मी देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साडू तोंड उघडं टाकून बघत राहिला. पेंटरच्या कानशिलांवर घाम आला होता आणि छातीत गोड काहीतरी पसरत होतं. शेजारी बसलेल्या आबांनी इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय झालं रे? टाळ्या कशाच्या?"

कुणीच काही सांगितलं नाही. पेंटरच्या बायकोनं मान वळवली नाही. ती समोर बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पैसे कुठले देणार?"

"होतील की."

"अहो, कुठले देणार?"

पेंटरनं आवाज चढवला. त्या घरात आवाज चढलेलाच असे, पण हा वेगळा होता. "देवाच्या कामाला चाललेत पैसे! मौजमजेला नाही उडवत मी! आपण त्याचं बघितलं की तो आपलं बघतो. दुपटीनं देईल, बघशील तू."

"दुपटीनं कशाला? आहेत तेवढेच राहू द्या," ती म्हणाली. "त्यात माझ्या पाळ्या आहेत. आबांचं घड्याळ आहे. तुम्ही उभं राहताना आम्हाला विचारलंत?"

"देवाला देताना कुणाला विचारायचं असतं का?"

यावर ती गप्प बसली. देवाचं नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेक जण असेच गप्प बसतात, आणि ते पेंटरला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कानाचे पैसे पाकिटात घालून त्यानं पाळकसाहेबांकडे दिले. स्पीकर बसवून, आवाज पसंत पडून, मंडळीसमोर त्यांचं देवाला अर्पण झालं की दुकानदाराला चुकते करायचे, असं ठरलं होतं. आणि मशीनची तारीख जवळ आली तेव्हा त्यानं आबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "डॉक्टरीणबाई सुट्टीवर गेल्यात! मोठ्या सुट्टीवर!"

"असू दे, असू दे," आबा म्हणाले. "त्यांनाही घरदार आहे."

स्पीकर यायला दोनअडीच महिने गेले. त्या काळात आबांचं "हं?" कमी झालं. म्हणजे ऐकू येऊ लागलं असं नव्हे. त्यांनी विचारायचंच सोडलं. खिडकीशी बसून ते रस्त्यावरच्या माणसांची तोंडं हलताना बघत. सुनेला ते दिसत होतं. पेंटरलाही दिसत होतं, पण तो पाटीच्या अक्षरांचा विचार करत होता. काळ्या जमिनीवर सोनेरी काढावं, की पांढऱ्यावर निळं?

अर्पण रविवारी होतं. शनिवारी दुपारी पेंटर रंग घेऊन मंदिरात गेला. आबाही होते, दर शनिवारी येऊन बाकं पुसायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. भिंतीवर नवे कोरे स्पीकर होते. त्यातल्या मोठ्याखाली पेंटरनं काळी पाटी ठोकली होती, तिला सोनेरी किनार काढली होती, आणि मधे 'सप्रेम भेट' एवढे शब्द रंगवून झाले होते. वर नाव तेवढं राहिलं होतं. त्यानं खडूनं रेघ आखली, ब्रश बुडवला.

तेवढ्यात आबा फडकं खांद्यावर टाकून स्पीकरजवळ आले. पाळकसाहेब वचनपीठापाशी माइक तपासत होते. आबांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हलतंय!" ते मोठ्यानं म्हणाले. "पाळकसाहेब, आवाज आहे बरं का यात! साडूबुवांनी मला लिहून दाखवलं, माझ्या लेकानं दिलेत म्हणून. मी तेव्हाच ओळखलं. कानाचं मशीन मला एकट्याला झालं असतं. यानं विचार केला, सगळ्यांनाच ऐकू येऊ दे आणि बापालाही येऊ दे. माझ्यासाठीच आणलेत यानं!"

पेंटरचा हात हवेत तसाच राहिला.

पाळकसाहेबांनी बाप-लेकांकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यांनी पाठ वळवली, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि माइकवरून खणखणीत आवाजात विचारलं, "आबा, चहा घेणार का?"

आवाज छतापर्यंत घुमला. खिडकीच्या काचा थरथरल्या. आबांनी जाळीवरचा हात काढला, डोळे मिटले आणि भक्तिभावानं म्हणाले, "आमेन!"

अरे देवा! ब्रशवरचा सोनेरी थेंब पेंटरच्या चपलेवर पडला. हे माणूस आपल्याला खूश ठेवायला ऐकू आल्याचं सोंग करतंय! ज्यानं आयुष्यभर पहिली ओळ म्हटली तो बाप चहाला आमेन म्हणतोय, आणि आपण त्याच्या कानांवर आपलं नाव रंगवायला निघालोय!

ब्रश ठेवून तो बाकावर मटकन बसला. पाळकसाहेब त्याच्याशेजारी येऊन बसले. आबा पुन्हा बाकं पुसू लागले होते.

"मशीनचं काय झालं होतं, पेंटर?" पाळकसाहेबांनी विचारलं. "घरी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, ह्यांनाच विचारा."

पेंटरनं सगळं सांगितलं. सुट्टीवर गेलेल्या डॉक्टरीणबाईंसकट सांगितलं. मग स्वतःलाच समजावावं तसं म्हणाला, "पण मी चोरी नाही केली. देवालाच दिलं ना, पाळकसाहेब?"

"दिलंत खरं. पण कुणाचं दिलंत?"

"घरातलंच."

"घरातलं म्हणजे तुमचं एकट्याचं नव्हे. त्यात बायकोच्या पाळ्या होत्या. वडिलांचं घड्याळ होतं. त्यांनी ते एका कामासाठी तुमच्या हाती दिलं होतं. आपल्या ताटातलं काढून दिलं तर ते दान, पेंटर. बापाच्या ताटातलं उचलून दिलं तर ते कुणाला दिलं यानं काय फरक पडतो?"

"मग माणसानं मंडळीला द्यायचंच नाही का?"

"द्यायचं! नक्की द्यायचं. ही वीज, हे छप्पर, कुणाच्या अडीनडीला पोचणारी मदत, सगळं तुमच्या-आमच्या देण्यावरच चालतं. पण आधी घरातली देणी, आजारपणं, दिलेले शब्द, ते भागवून, घरच्यांना विचारून, हसतमुखानं द्यायचं. थोडं असलं तरी चालतं. देवाकडे पाट्या लावायला भिंत नाही." त्यांनी बाकांवरच्या नावांवरून नजर फिरवली. "आणि दोष तुमचा एकट्याचा नाही. ही उभं राहायची पद्धत मला पहिल्यापासून खुपत होती. पण पंखे येत होते, बाकं येत होती, म्हणून मीही बोललो नाही."

ते उठून आत गेले आणि कपाटातलं पाकीट घेऊन आले. तेच पाकीट, चिकटवलेलं तसंच. त्यांनी ते पेंटरच्या मांडीवर ठेवलं.

"हे घ्या. उद्या अर्पण होणार नाही."

"लोक काय म्हणतील! मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय!"

"त्याच्या आधी आबांना दिला होता," पाळकसाहेब म्हणाले. "उद्या काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी मधे पडणार नाही."

त्या दिवशी घरी गेल्यावर पेंटरनं पाकीट बायकोच्या हातात दिलं. तिनं ते दाबून बघितलं, कपाटात ठेवलं, आणि मग ओट्याकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत उभी राहिली. "चुकलं माझं," पेंटर म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "उद्या मी तुमच्या शेजारी बसते."

रविवारी मंदिर भरलं होतं. साडू नवा कोट घालून आला होता. पाळकसाहेबांनी पेंटरकडे बघितलं आणि पेंटर समोरचा बाक धरून सावकाश उभा राहिला. यापूर्वी इथेच उभं राहायला त्याला क्षणही लागला नव्हता.

"मी स्पीकर देतो म्हणालो होतो," तो पुटपुटला. "ते पैसे माझे नव्हते. मी शब्द मागे घेतो."

आबांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतोय हा?"

पेंटर खाली वाकून त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला, "घरी गेल्यावर सांगतो."

"हं?"

आता सुटका नव्हती. ज्याचे कान आपण विकले त्याला कानात कसं सांगणार? पेंटरनं डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "आबा! तुमच्या कानांचे पैसे मी माझ्या नावासाठी दिले होते! स्पीकर तुमच्यासाठी नव्हते! मला पाटीवर नाव हवं होतं! मी खोटं बोललो तुमच्याशी!"

माइक नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचला. आबा लेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ जरा हलला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे डॉक्टरीणबाई सुट्टीवर नव्हत्या?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच रडू आवरावं तसं गप्प झालं. पेंटरनं मान हलवली. नव्हत्या.

"मग उद्या जाऊ," आबा म्हणाले आणि त्यांनी लेकाचा हात धरून त्याला खाली बसवलं.

आता साडू उठला, आणि या वेळी मुंग्या आल्या नव्हत्या. "पाळकसाहेब, स्पीकरचे मी..."

"बसा," पाळकसाहेब म्हणाले. "एकट्यानं कुणी द्यायचं नाही. स्पीकर सगळ्यांचे आहेत. आजपासून पिशवी फिरेल, झाकलेली. ज्याला जमेल त्यानं, जमेल तेवढं, आणि ज्याला आज जमत नाही त्यानं नुसती पुढच्याच्या हातात द्यायची. कुणी कुणाच्या हाताकडे बघायचं नाही."

पिशवी फिरली. दोनतीन रविवार फिरली आणि स्पीकरचे पैसे फिटले. कुणी किती घातले ते आजही कुणाला माहीत नाही. साडूनं पेंटरला दाराशी गाठून खालच्या आवाजात विचारलं, "साडूभाऊ, ते घड्याळाखालचं माझं नाव... जरा लहान करता येईल का?"

"पुसायला सोपं, लहान करायला अवघड," पेंटर म्हणाला.

"मग पुसूनच टाका. पण आमच्या हिला सांगू नका हं, तो सोनेरी रंग तिनं आपल्या पैशांनी आणून दिला होता."

"तिला आधी विचारा, मग पुसतो," पेंटर म्हणाला. एवढं तो शिकला होता.

आबांना मशीन बसलं. उजव्या कानाला चांगलं कळू लागलं. डाव्या कानाबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज येईल, पण शब्द नीट उमटणार नाहीत. थोडं आधी यायला हवं होतं." पेंटरनं ते ऐकून घेतलं. आताशा तो नेहमी आबांच्या उजव्या बाजूला बसतो. घरात ओरडायची सवय सुटायला वेळ लागला, आबाच सगळ्यांना दटावत, "हळू बोला रे, बहिरा आहे का मी?" आणि पहिल्याच रविवारी गायन ऐकून ते म्हणाले, "किती बेसूर गाता तुम्ही! इतके दिवस हेच चाललं होतं?"

मंडळी, तुमच्या-माझ्या कुठल्याही देवघरात, मंदिरात, सभागृहात बघा, भिंतीवर नावं सापडतील. देणारे वाईट नसतात. पण हात खिशात घालण्याआधी एकदा घराकडे वळून बघायला हवं: तिथे कुणाचं औषध अडलंय, कुणाला दिलेला शब्द वाट बघतोय? आपलं आहे ते, आपल्यांना विचारून, गाजावाजा न करता दिलं, तर मूठभर दानही पुरेसं असतं. घरच्यांच्या तोंडचं काढून दिलेलं देवाला पोचत नाही. ते वाटेतच आपल्या नावाच्या पाटीला अडकतं.

ती काळी पाटी अजून तिथेच आहे. सोनेरी किनार, 'सप्रेम भेट' हे दोन शब्द, आणि वर मोकळी जागा. पेंटरनं तिला पुन्हा हात लावला नाही.

परवाच्या रविवारी पिशवी त्यांच्या बाकापाशी आली. पेंटरनं घडी केलेली नोट आत सोडली. आबांनी मान वळवून जुन्या सवयीनं मोठ्यानं विचारलं, "किती घातलेस रे?"

सगळ्या बाकांवर हसू फुटलं. पेंटर त्यांच्या उजव्या कानाशी वाकला आणि अगदी हळू, शेजारच्या बायकोलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आपलं सगळं भागवून उरले तेवढे."

आबांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी पिशवी पुढच्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आमेन."